‘बीडी बिडरी’ आणि तळहातावरचा आकडा

आमच्या घरात गेली चाळीस वर्षं एक वाक्य रोज ऐकू येतं. सकाळच्या चहाला, दुपारी जेवणं झाल्यावर आणि रात्री दिवे मालवायच्या आधी. "बीडी बिडरी!" सासूबाई गोकाककडच्या, माहेर कन्नड. मामंजी निपाणीचे, मराठी. आपल्यासारख्या दोन्ही भाषांच्या घरांत या दोन शब्दांतली गंमत समजावून सांगायला नको. ऱ्हस्व-दीर्घाचा काय तो फरक. एक ओढायची वस्तू आणि दुसरं ‘सोडा हो’ अशी विनवणी. चाळीस वर्षांत त्यातला पहिला शब्द मामंजींनी मनावर घेतला, दुसरा नाही.

गेल्या दिवाळीला माझे धाकटे दीर इंग्लंडहून आले. येताना त्यांनी चॉकलेटं आणली, सुगंधी साबण आणले आणि काडेपेटीपेक्षा जरासं मोठं एक यंत्र आणलं. फोनला जोडायचं, खोल श्वास घ्यायचा, पंधरा सेकंद रोखायचा आणि मग नळीतून सावकाश सोडायचा. फोनच्या पडद्यावर एक आकडा येतो. आपल्या श्वासात कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू किती आहे, त्याचा तो आकडा. दहा लाख भाग हवेत या वायूचे किती भाग, असं ते माप. त्याला पीपीएम म्हणतात.

लक्ष्मीपूजन झालं, फराळाची ताटं फिरली आणि सोप्यात सगळ्यांचा खेळ सुरू झाला. दिरांचा आकडा आला १. माझा २. मामंजींना पंधरा सेकंद श्वास रोखणंच जमेना, दोनदा खोकला आला. तिसऱ्यांदा जमलं आणि आकडा आला २७. सगळे हसले, तेही हसले. सासूबाईंचा ६ आला. त्यांच्या आयुष्यात विडी कधी ओठाला लागलेली नाही, पण अंघोळीच्या पाण्याचा बंब रोज पहाटे त्याच पेटवतात. मग सातव्या महिन्यात बाळंतपणासाठी माहेरी आलेल्या माझ्या नणंदेनं नळी हातात घेतली. तिचा ४ आला.

"४ म्हणजे बरं की वाईट?" तिनं विचारलं. दिरांनी उत्तर द्यायला नको होतं, पण दिलं. ब्रिटनमध्ये गरोदर बाईच्या पहिल्याच तपासणीत असं फुंकायला लावतात. ४ किंवा त्याहून जास्त आला, तर घरात कोण ओढतं हे विचारतात आणि सल्लागाराकडे पाठवतात. त्यावर कोणी काही बोललं नाही. मामंजी उठले आणि परसात गेले. त्या रात्री त्यांनी विडी ओढलीच, पण चाळीस वर्षांत प्रथमच सोप्यातल्या आरामखुर्चीत बसून ओढली नाही.

नणंदेच्या त्या ४ मध्ये बंबाचा वाटा किती आणि विडीचा किती, हे यंत्र सांगत नाही. फटाक्यांच्या धुराचाही काही असेल. यंत्राला फक्त वायू कळतो, तो कुठून आला ते कळत नाही. तरी मामंजींना जे कळायचं ते कळलं होतं.

हा वायू करतो काय? आपल्या रक्तातलं हिमोग्लोबिन फुप्फुसांतून प्राणवायू उचलतं आणि अंगभर पोचवतं. पण त्याची कार्बन मोनॉक्साइडशी सलगी प्राणवायूपेक्षा २०० पटींहून अधिक. एकदा तो येऊन बसला की सहजी उठत नाही, आणि त्याच्या जागेवरचा प्राणवायू तेवढा कमी पोचतो. पोटातल्या बाळाचं रक्त तर त्याला आईपेक्षाही घट्ट धरून ठेवतं. एस.टी.त एकानं जागा अडवली म्हणजे म्हाताऱ्या माणसाला उभं राहावं लागतं, तसा हा प्रकार.

पण याच गोष्टीची दुसरी बाजू फार आशेची आहे. माणूस स्वस्थ बसलेला असताना रक्तातला हा वायू सुमारे चार-पाच तासांत निम्मा होतो. पुढच्या चार-पाच तासांत त्याचा निम्मा. म्हणजे शेवटची विडी विझवल्यापासून एक-दोन दिवसांत आकडा न ओढणाऱ्या माणसाइतका खाली येतो. फुप्फुसं सुधारायला महिने-वर्षं लागतात, कॅन्सरचा धोका उतरायला तर अनेक वर्षं. डोळ्यांनी बघता येईल असा फायदा एवढ्या लवकर मिळतो तो फक्त इथेच. या छोट्या यंत्राचं सगळं सामर्थ्य या एका गोष्टीत आहे.

मामंजींचं तंबाखूशी नातं मात्र नुसतं ओढण्याचं नाही. निपाणीत तंबाखूच्या वखारीत त्यांनी दिवाणजी म्हणून उमेदीची सगळी वर्षं काढली. निपाणीच्या परिसरातला विडीचा तंबाखू म्हणजे या भागाची भाकरी. १९८१ साली शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखूच्या भावासाठी शेतकरी महामार्गावर येऊन बसले, तेव्हा मामंजी ऐन तरुण होते. त्या दिवसांबद्दल ते आजही तासभर बोलतील. वखारीत तंबाखू चाळणाऱ्या, धुळीनं खोकणाऱ्या बायकांचे हिशेब त्यांनीच लिहिले. "ज्यानं घर चालवलं, त्याला विष कसं म्हणू?" असं ते एकदा मला म्हणाले होते. या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही.

शिवाय एक गैरसमज आपल्याकडे पक्का आहे, की विडी म्हणजे पानात गुंडाळलेली साधी गोष्ट, सिगारेटपेक्षा सौम्य. विडीत तंबाखू सिगारेटपेक्षा कमी असतो हे खरं. पण टेंभुर्णीचं पान कागदासारखं सहज जळत नाही. विडी विझू नये म्हणून झुरके जास्त आणि जोरात घ्यावे लागतात. त्यामुळे कार्बन मोनॉक्साइड सिगारेटच्या बरोबरीनं, कित्येकदा जास्तच पोटात जातो.

भाऊबीज झाल्यावर दिरांनी मामंजींच्या फोनवर एक अ‍ॅप घालून दिलं. पहिला आठवडा सोडायचं काहीच नाही, फक्त ओढली की बटण दाबायचं. अ‍ॅप इंग्रजीत; त्यामुळे नववीतला माझा मुलगा दुभाषी झाला आणि आजोबांना अर्धं मराठीत, अर्धं कन्नडमध्ये समजावू लागला. आठवड्याअखेर हिशेब निघाला: रोज सरासरी १९ विड्या. मामंजी छातीठोकपणे ‘दहा-बारा’ सांगत असत! पहिली विडी जाग आल्यापासून पाच मिनिटांच्या आत. सवय किती खोल गेली आहे हे ओळखायची डॉक्टरांची हीच खूण असते. चहाबरोबरच्या पाच. बसस्टँडजवळच्या कट्ट्यावर निवृत्त मित्रांबरोबरच्या चार. उरलेल्यांपैकी बऱ्याच अशा, की ओढल्याचं त्यांना आठवतच नव्हतं. ज्यानं वखारीत पैशापैशाचा हिशेब ठेवला, त्याला हे फार लागलं.

कार्तिकी एकादशीला त्यांनी विडी सोडली. मुहूर्त त्यांचा, आम्ही कोणी सुचवला नव्हता.

अ‍ॅपचं काम तलफ आली की सुरू होई. आपल्या भाषेत ‘तलफ’ हा शब्द किती नेमका आहे! ती येते, चढते आणि काही मिनिटांत उतरते. अ‍ॅपवर बटण दाबलं की पडद्यावर एक गोल फुगे, आक्रसे. त्याच्या लयीवर श्वास घ्यायचा. तोवर पाणी प्यायचं, किंवा उठून अंगणात फेरी मारायची. मामंजी तुळशीला फेऱ्या घालू लागले. अ‍ॅप रोज वाचलेल्या पैशांचा आकडाही दाखवी, पण तो परदेशी सिगारेटींच्या भावावर बेतलेला. आपल्या विडीचा भाव घातल्यावर आकडा एवढासा झाला. "यात एक प्लेट पोहे येतील," म्हणून ते हसले. आपली विडी स्वस्त आहे. पैशाचा धाक तिला लागू पडत नाही.

एकादशीच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी यंत्रात फुंकलं. सासूबाई स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत आल्या. "एष्ट बंतरी?" मामंजींनी फोन त्यांच्यापुढे धरला. ३. दिवाळीतल्या २७ वरून ३. सासूबाईंना इंग्रजी आकडे वाचता येतात. त्यांनी दोनदा वाचला आणि देवापुढे साखर ठेवली. मुलानं शिकवलेलं आठवून मामंजी रोज एकाच वेळी, संध्याकाळी सातला फुंकत. रात्रभराच्या विश्रांतीनंतर सकाळचा आकडा ओढणाऱ्याचाही कमी दिसतो, तेव्हा दिवस मावळतानाचं माप जास्त खरं. चुलीपाशी किंवा बंबापाशी बसून उठल्यावर लगेच फुंकू नये आणि दारू प्यायल्यावरही नाही, यंत्र फसतं.

इथे जरा थांबून, या साधनांवर जगात जो अभ्यास झाला त्याबद्दल सांगते, कारण जाहिराती वेगळंच बोलतात. कॉक्रेन या संस्थेनं २०१९ साली जगभरचे प्रयोग एकत्र तपासले. फोनवर नियमित येणाऱ्या संदेशांनी सोडणाऱ्यांचं प्रमाण सुमारे दीडपट वाढतं, असं दिसलं. अ‍ॅपबद्दल मात्र तसं ठामपणे म्हणण्याइतका पुरावा तेव्हा सापडला नाही. २०२० साली अमेरिकेतल्या सिअ‍ॅटल इथल्या फ्रेड हचिन्सन संस्थेनं २,४१५ माणसांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. ‘आयकॅनक्विट’ हे अ‍ॅप वापरणाऱ्यांपैकी २८ टक्क्यांनी वर्षानंतर गेल्या महिन्याभरात सिगारेट ओढली नसल्याचं सांगितलं. दुसरं, सरकारी सल्ल्यावर बेतलेलं अ‍ॅप वापरणाऱ्यांत ते प्रमाण २१ टक्के होतं. त्या अ‍ॅपची शिकवण अशी, की तलफेशी भांडू नका. तिला येऊ द्या, बसू द्या, जाऊ द्या. आणि श्वासाच्या यंत्राचं? नुसता आकडा दाखवल्यानं जास्त माणसं सोडतात, असं तपासण्यांतून सिद्ध झालेलं नाही. आकड्याच्या जोडीला माणूस लागतो. ग्लासगोच्या एका प्रयोगात गरोदर स्त्रियांना सिगारेट सोडल्याबद्दल खरेदीची कूपनं दिली आणि सोडल्याची खातरजमा तपासणी करून घेतली. २०१५ साली निकाल आला: कूपनं मिळालेल्यांत २२.५ टक्के स्त्रियांनी सोडली, न मिळालेल्यांत ८.६ टक्के. तिथे यंत्रामागे सल्ला होता, फोन होते, बक्षीस होतं.

आमच्या घरी यंत्रामागे काय होतं? हे सांगायला मला थोडी लाज वाटते.

रोज सातला फुंकणं हा आधी मामंजींचा कार्यक्रम होता, मग तो आमचा झाला. सासूबाई पावणेसातपासून घड्याळ बघू लागल्या. दीर परत गेले होते. तिकडून घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ‘आजचा फोटो?’ अशी विचारणा येई. एखाद्या दिवशी मामंजी बाहेरून उशिरा आले की मीच नळी लावून तयार ठेवी. रात्री पोलिसांनी गाडी अडवून दारूसाठी तोंडात नळी द्यावी, तसं आम्ही करत होतो आणि त्याला प्रेम म्हणत होतो. आकडा रोज २ किंवा ३ येई. आम्ही खूश.

तिसऱ्या आठवड्यात धुवायला काढलेल्या त्यांच्या सदऱ्याच्या खिशात मला चुन्याची डबी सापडली. बरोबर तंबाखूची पुडी.

मी यंत्राकडे बघत राहिले. त्याची काहीच चूक नव्हती. कार्बन मोनॉक्साइड धुरातून येतो. मळून गालात धरलेल्या तंबाखूला धूर नाही. मिश्री, गुटखा, मावा, जर्दा, तपकीर, यांतलं काहीही चालू असलं तरी हे यंत्र २ च दाखवणार. ते परदेशी माणसांच्या सवयी बघून तयार झालं आहे. आपल्याकडे चित्र उलटं आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत देशातले १०.७ टक्के प्रौढ ओढणारे निघाले आणि बिनधुराचा तंबाखू घेणारे २१.४ टक्के. कर्नाटकात ओढणारे ८.८ आणि बिनधुराचे १६.३, पलीकडे महाराष्ट्रात तर ओढणारे ३.८ आणि बिनधुराचे तब्बल २४.४ टक्के. तोंडाच्या कॅन्सरची वाट याच गालातून जाते.

त्या संध्याकाळी घरात मोठा वाद झाला. सासूबाई रडल्या. मामंजींचा आवाज चढला, "मी काय चोर आहे? रोज झडती घेता! विडी सोडा म्हणालात, सोडली. आकडा मागता, तो देतो. आता खिसेही तपासा!" आणि मग, खुर्चीत बसून, हळू आवाजात: "हात रिकामा राहत नाही गं. तोंड रिकामं राहत नाही."

माझ्या मते आमच्या घरात पहिल्यांदा खरं बोलणं झालं ते इथे. यंत्र आम्ही त्यांच्या हवाली केलं. कपाट त्यांचं, किल्ली त्यांची. फुंकायचं की नाही आणि आकडा कुणाला सांगायचा की नाही, हे त्यांनीच ठरवायचं. ग्रुपवरची विचारणा बंद केली. दिरांना वाईट वाटलं, पण समजले.

विडीच्या बंडलावर आणि सिगारेटच्या पाकिटावर २०१८ पासून एक नंबर छापलेला असतो, १८००-११-२३५६. आपण तिथलं भीषण चित्र टाळतो, तसाच हा नंबरही नजरेआड करतो. ही राष्ट्रीय तंबाखूमुक्ती मदतवाहिनी. २०१६ मध्ये दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमध्ये ती सुरू झाली, पुढे बंगळुरूचं निम्हान्स, मुंबईचं टाटा रुग्णालय आणि गुवाहाटीचं कॅन्सर रुग्णालयही तिला जोडलं गेलं. त्यामुळे मराठीत बोलता येतं, कन्नडमध्येही. फोनला पैसे पडत नाहीत आणि ओढायच्या तंबाखूइतकंच खायच्या तंबाखूबद्दलही तिथे बोलतात. मामंजी परसात जाऊन बोलले, अर्धा तास. मला वाटलं होतं मराठीत बोलतील; कन्नडमध्ये बोलत होते. विचारलं तर म्हणाले, "चाळीस वर्षं या विषयावर कन्नडमध्येच ऐकलंय, उत्तरही त्याच भाषेत सुचतं."

मग आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी आधी तोंड तपासलं. कुठे पांढरा चट्टा, न भरणारी जखम नाही हे बघितलं. मग निकोटिनचं च्युइंगगम दिलं आणि कसं घ्यायचं ते सांगितलं. हे नीट ऐकण्यासारखं आहे, कारण मामंजींनी ते पहिल्या दिवशी पोरांच्या च्युइंगगमसारखं चघळलं आणि त्यांना दीड तास उचकी लागली. सावकाश चावायचं, झिणझिण्या किंवा तिखटसर चव आली की थांबायचं आणि गालाच्या कोपऱ्यात ठेवून द्यायचं; चव गेली की पुन्हा चावायचं. चहा-कॉफीनंतर लगेच घेतलं तर लागू पडत नाही, पंधरा मिनिटं जाऊ द्यायची. गालात काहीतरी धरून ठेवायची सवय असलेल्या माणसाला हे बरं जमलं. काही परदेशी अ‍ॅपं सिगारेटऐवजी ई-सिगारेट सुचवतात. त्या भानगडीत पडू नका. भारतात २०१९ पासून तिच्या विक्रीवर बंदी आहे.

सरळ रेषेत काही झालं नाही. जानेवारीत कट्ट्यावरचे एक जिवलग मित्र गेले. स्मशानातून परतताना मामंजींनी दोन विड्या ओढल्या. त्यांनी स्वतःच येऊन सांगितलं आणि प्रामाणिकपणे अ‍ॅपवर बटण दाबलं. अ‍ॅपनं चौसष्ट दिवसांचा आकडा पुसला आणि ‘दिवस ०’ दाखवला. ते पाहून माझाच जीव तुटला. चौसष्ट दिवसांच्या अंगात साचलेल्या पुण्याईला शून्य कसं म्हणायचं? मामंजींनी त्याच दिवशी अ‍ॅप काढून टाकलं आणि वखारीतल्या जुन्या कोऱ्या खतावणीत स्वतःचा हिशेब सुरू केला. डावीकडे तारीख, उजवीकडे विडी आणि तंबाखू असे दोन रकाने. अ‍ॅपमध्ये दुसरा रकाना नव्हताच.

तंबाखूचा रकाना रिकामा व्हायला मार्च उजाडला. विडीचा त्या दोन विड्यांनंतर रिकामाच आहे. च्युइंगगम आता दिवसाला दोन-तीन, डॉक्टरांच्या सल्ल्यानं कमी होत चाललंय. यंत्र अधूनमधून कपाटातून निघतं. एकदा मामंजींनी सासूबाईंना बंब पेटवून झाल्यावर मुद्दाम फुंकायला लावलं आणि आलेला ८ बघून पंधरा दिवसांत गच्चीवर सौर बंब बसवून घेतला.

नणंदेला मुलगी झाली, वजन दोन किलो नऊशे. बारशाला पाहुणे आले तेव्हा जेवणानंतर तिघेजण नेहमीप्रमाणे सिगारेट शिलगावायला फाटकाबाहेर गेले. मामंजी त्यांच्यामागून गेले, कपाटातलं यंत्र आणि नव्या नळ्यांचं पाकीट खिशात घालून. प्रत्येकाला नवी नळी लावली. माझ्या मावसदिरांचा आकडा १९ आला. त्यांनी तो दोनदा तपासून घेतला आणि जाताना मला बाजूला घेऊन विचारलं, "वहिनी, हे यंत्र आठवडाभर मिळेल का? घरी सांगू नका एवढ्यात."